हळदीची गोळी, विसर आणि कंप: बाटली विकत घेण्याआधी काय तपासाल?

नाशिक जिल्ह्यातल्या नामपूर आणि मोसम खोऱ्यातल्या गावांत एकच प्रश्न अनेक घरांतून ऐकू येतो. वडिलांना विसर पडायला लागलाय, हळदीच्या गोळ्या सुरू करू का? आईचा हात कापतो, दुधात हळद आणि मिरी घालून रोज दिली तर थांबेल का? मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत सांगतात की हळदीतलं कर्क्युमिन मेंदूत साचलेला गाळ धुऊन काढतं, ते खरं का? असं विचारणारी माणसं भोळी नसतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश बरा होत नाही, हे त्यांनी घरात पाहिलेलं असतं. अशा वेळी रोजच्या भाजीतल्या वस्तूवर आशा ठेवावीशी वाटते, आणि ते समजण्यासारखं आहे.

म्हणून उत्तर सुरुवातीलाच देतो. जेवणातली हळद आहे तशी राहू द्या. अल्झायमर किंवा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, यांवरचा उपचार म्हणून कर्क्युमिनची गोळी घ्यावी एवढा पुरावा आज नाही. काही माणसांना ती गोळी अपाय करते. आणि गोळीच्या भरवशावर तपासणी लांबली, तर त्याचं नुकसान गोळीच्या किमतीहून कितीतरी मोठं असतं.

हळदीत कर्क्युमिन किती आणि मेंदूपर्यंत किती

हळकुंडाला पिवळा रंग देणारं मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असतं. सांगली, वसमत आणि वर्धा जिल्ह्यातलं वायगाव या तिन्ही ठिकाणच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. वायगावची हळद जास्त कर्क्युमिनसाठी ओळखली जाते. तुमच्या डब्यात कुठलीही हळद असो, हिशेबासाठी ३ टक्के धरा. माणशी दिवसाला २ ग्रॅम हळद पोटात गेली, तर त्यातून साधारण ६० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळतं.

अल्झायमरच्या रुग्णांवरच्या एका महत्त्वाच्या चाचणीत रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. जेवणातून २ ग्रॅम मिळवायचं तर रोज ६५ ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल, म्हणजे वीसेक चमचे. चमचाभर हळद घातलेलं दूध आणि ही मात्रा यांचा काही मेळ बसत नाही. त्यामुळे दुधाच्या पेल्यावरून गोळीबद्दल आणि गोळीच्या चाचणीवरून दुधाबद्दल निष्कर्ष काढू नका.

दुसरी अडचण शोषणाची. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं, आणि जे उतरतं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. ‘हळदीत मिरी घाला’ हा सल्ला इथूनच पसरला. पण मुळातलं प्रमाण इतकं नगण्य असतं, की वीस पट होऊनही ते थोडंच राहतं. शिवाय पायपरिन हे साधतं ते शरीराची औषधं बाहेर टाकण्याची यंत्रणा मंदावून. ती मंदावली की तुमच्या बाकीच्या गोळ्याही रक्तात जास्त साचू शकतात. त्याकडे पुढे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे.

माणसांवरच्या चाचण्यांत काय दिसलं

हळदीबद्दलच्या आशेला काहीच आधार नव्हता असं नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण पाश्चात्य देशांच्या मानाने बरंच कमी आढळलं होतं. २००१ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात कर्क्युमिनमुळे मेंदूतला अमायलॉइड नावाचा चिकट प्रथिनांचा साठा कमी झालेला दिसला. २००६ साली सिंगापूरमध्ये १,०१० ज्येष्ठांची पाहणी झाली. त्यात अधूनमधून का होईना, पण करी खाणाऱ्यांचे स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण थोडे बरे होते.

मात्र बल्लभगडच्या अभ्यासात कोण किती हळद खातं हे मोजलेलं नव्हतं. हळदीचा संबंध लोकांनी नंतर जोडला. सिंगापूरच्या पाहणीतही फरक हळदीमुळे पडला की करी खाणाऱ्या घरांतल्या आणखी कशामुळे, हे सांगता येत नाही. घरोघर हळद खाणाऱ्या आपल्या देशात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. हळदीने संरक्षण मिळत असतं तर हा आकडा असा दिसला नसता.

आता प्रत्यक्ष रुग्णांवरच्या चाचण्या पाहा:

- हाँगकाँग, २००८: अल्झायमरचे ३४ रुग्ण, सहा महिने कर्क्युमिन. स्मरणशक्तीत फायदा दिसला नाही.
- अमेरिका, २०१२: सौम्य ते मध्यम अल्झायमरचे ३६ रुग्ण, २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम. ना लक्षणांत फरक, ना तपासण्यांत. काहींनी पोटाच्या तक्रारींमुळे गोळी सोडली.
- ऑस्ट्रेलिया, २०१६: ९६ ज्येष्ठ, वर्षभर रोज दीड ग्रॅम. एका मापात तात्पुरता फरक दिसला, बाकी सगळ्यांत काही नाही.
- लॉस एंजेलिस, २०१८: स्मृतिभ्रंश नसलेले ४० जण, शोषण वाढवलेलं कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने. गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली.

जाहिराती याच शेवटच्या चाचणीकडे बोट दाखवतात. निकाल आशादायक होता, हे मान्य करायला हवं. पण ती माणसं आजारी नव्हती, गोळी घेणारे जेमतेम वीस होते, आणि वापरलेला प्रकार खास बनवलेला होता. एवढ्यावरून अल्झायमर झालेल्या आजीला बाजारातली कुठलीही बाटली द्यावी, असं म्हणता येत नाही. कंपवाताबद्दल माणसांवरचा पुरावा याहूनही तुटपुंजा आहे. २०१७ साली औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या शंभराहून जास्त मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करून काटेकोर पद्धतीने केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं.

‘अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, मग ती औषध असणारच’ असंही अनेकजण म्हणतात. ते पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. हे ज्ञान भारतात जुनंच आहे, हे त्या लढ्याने सिद्ध केलं. त्याचा अभिमान जरूर बाळगा. मेंदूच्या आजाराचा त्या खटल्यात विषयच नव्हता.

गोळीचा विचार करण्याआधी तपासणी

विसर आणि कंप यांमागे बरं होण्यासारखं कारण असू शकतं, म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. चार महिने हळदीच्या गोळ्या देऊन ‘फरक पडतो का बघू’ म्हणत थांबलात, तर ते कारण तसंच राहतं.

आधी विसर किती गंभीर आहे ते ओळखा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयानुसार चालतं. पण ज्यांनी आयुष्यभर बाजार समितीतून मिळालेली कांद्याची हिशेबपट्टी तोंडी तपासली, वजनातून घट आणि रकमेतून हमाली-तोलाई वजा करून आकडा बरोबर आहे का ते क्षणात सांगितलं, त्यांना आता ती पट्टी हातात धरून काही उलगडत नाही, हे लक्षण गंभीर आहे. शाळेत न गेलेल्या माणसांच्या बाबतीत कागदी चाचणीपेक्षा अशी रोजच्या कामातली घसरण जास्त बोलते. डॉक्टरांना ती नेमक्या उदाहरणासह सांगा. याशिवाय पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका:

- नेहमीच्या शेतरस्त्यावर वाट चुकणं
- तासाभरात तोच प्रश्न चार-पाच वेळा विचारणं
- स्वयंपाकातला क्रम विसरणं, गॅस चालू राहणं
- स्वभाव अचानक बदलणं, संशय घेणं, नसलेली माणसं दिसणं
- स्थिर ठेवलेल्या हाताचा एका बाजूचा कंप, चालताना पावलं बारीक पडणं, अक्षर लहान होत जाणं

काही दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं बोबडं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. डोक्याला मार लागल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला, तरीही. मोटारसायकलवर मागे बसलेले आजोबा पडतात, तेव्हा काही झालं नाही म्हणून घरी येतात आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचत जातं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो. स्कॅनमध्ये ते दिसतं आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ववत होऊ शकतो.

सुरुवात नामपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करा. पुढची पायरी मालेगावचं सामान्य रुग्णालय किंवा नाशिकचं जिल्हा रुग्णालय आणि मेंदूविकारतज्ज्ञ. नाशिकला जाऊन येण्यात दिवस मोडतो, म्हणून रक्ततपासण्या आधीच करून सोबत न्या. डॉक्टरांना या गोष्टी विचारा:

1. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी करायची का? शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं.
2. नैराश्य असू शकतं का? जोडीदार गेल्यावर गप्प झालेली म्हातारी माणसं विसरभोळी वाटतात. त्यावर उपचार आहे.
3. चालू गोळ्यांपैकी एखादीमुळे हे होतंय का?

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं घेतलेली सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, पोट साफ व्हावं, ढेकर थांबावेत म्हणून घेतलेली लेव्होसल्पिराइड किंवा मेटोक्लोप्रामाइड, या गोळ्यांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. बंद केल्यावर काही महिन्यांत ती बहुतेकदा ओसरतात. सर्दीच्या काही झोप आणणाऱ्या गोळ्या आणि लघवीवर ताबा नसतो म्हणून दिलेल्या गोळ्या विसर वाढवतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची नावंही लपवू नका. मात्र मानसिक आजाराची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

डाळिंबाच्या बागेत किंवा कांद्यावर वर्षानुवर्षं फवारणी केली असेल, तर तेही सांगा. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा आणि काही कीटकनाशकांचा कंपवाताशी संबंध अभ्यासांत आढळला आहे. घरातल्या तरुणांनी फवारणीच्या वेळी हातमोजे आणि योग्य मास्क वापरण्याचं हे आणखी एक कारण.

ही गोळी कोणी घेऊच नये

‘हळदच तर आहे’ हे वाक्य गोळीला लागू होत नाही. अर्काच्या एका गोळीत दिवसभराच्या जेवणाच्या कितीतरी पट कर्क्युमिन असतं. पुढच्या परिस्थितीत ती घेऊ नका:

- वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल. रक्तस्राव वाढू शकतो.
- पित्ताशयात खडे असतील. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं आणि कळ उठू शकते.
- मूतखड्याचा त्रास असेल. हळदीत ऑक्झलेट असतं.
- यकृताचा आजार असेल किंवा आधी कावीळ होऊन गेली असेल.
- अपस्मारासाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, आणि हाताच्या कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल. पायपरिनमुळे या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.
- मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील.
- शस्त्रक्रिया ठरली असेल. मोतीबिंदूची असली तरी शल्यचिकित्सकांना सांगा. साधारण दोन आठवडे आधी गोळी थांबवायला सांगितलं जातं.

कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या माणसाला कंपासाठीच म्हणून पायपरिनवाली हळदीची गोळी दिली जाते, तेव्हा नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. मग घरच्यांना वाटतं, आजार वाढला.

यकृताची इजा फार जणांना होत नाही, पण होते तेव्हा गंभीर असते. इटलीत २०१८-१९ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे झालेल्या यकृतदाहाचे रुग्ण आढळले. अमेरिकेत २०२२ साली अशा दहा रुग्णांचा तपशील प्रसिद्ध झाला. त्यातल्या सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. ती खूण तुमच्यात आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे गोळी चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, मळमळ, खाज किंवा न संपणारा थकवा आला, तर गोळी लगेच बंद करा आणि यकृताची तपासणी करा.

कंपवाताच्या घरांसाठी एक वेगळा इशारा. हळदीबरोबर खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या चूर्णाचीही शिफारस होते. त्यात लेव्होडोपा हे द्रव्य खरोखर असतं, आणि तुमच्या कंपवाताच्या गोळीतही तेच असतं. दोन्ही मिळून मात्रा वाढली की शरीराच्या अनावर हालचाली, मळमळ, भास होऊ शकतात. चूर्णात किती लेव्होडोपा आहे हे पुडीपुडीला बदलतं. वैद्य आणि मेंदूविकारतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांचे उपचार कळवा. लेव्होडोपाची गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, मग पर्याय म्हणून पुढे काहीही केलेलं असो.

बाटली उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र आणि सोनेरी अक्षरं असतात. कामाचा मजकूर मागे बारीक अक्षरांत असतो. भिंग घ्या.

‘५०० मिलिग्रॅम’ कशाचे आहेत ते आधी बघा. ‘हळद पावडर ५००’ असेल तर त्यात कर्क्युमिन जेमतेम १५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर हळद तुम्ही गोळीच्या भावाने घेत आहात. ‘अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ असेल तर ४७५ मिलिग्रॅम. ही मात्रा औषधासारखी आहे आणि वरची यादी तिलाच लागू होते. मग पायपरिन किंवा मिरीचा अर्क आहे का ते पाहा. अश्वगंधा आणि हिरव्या चहाचा अर्कही एकत्र असेल तर बाटली परत ठेवा, कारण या दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हेही तपासा.

शेवटी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हा इशारा शोधा. पोषणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर हा इशारा छापणं नियमाने बंधनकारक आहे. तो बहुधा इंग्रजीत असतो, घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. ज्या वस्तूवर कंपनीच औषध नाही असं लिहून देते, ती अल्झायमरचं औषध म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. लेबल नसलेली पुडी तर कोणाच्याही भिडेखातर घेऊ नका.

घरातली हळद

काही ठिकाणी हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य चोळतात. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर उघड झालं, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा, गुवाहाटी यांसारख्या शहरांतल्या नमुन्यांतही शिसं आढळलं. शिसं मेंदूसाठी विष आहे आणि लहान मुलांना सगळ्यात घातक. मेंदूसाठी म्हणून जास्त हळद खाताना हे विसरून चालणार नाही.

शक्य असेल तर हळकुंडं आणून दळून घ्या. फार चकचकीत, एकसारखी पिवळीजर्द हळकुंडं टाळा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाका. लगेच गडद रंग सुटला तर शंका घ्या. पूड असेल तर चमचाभर पाण्यात टाकून ढवळू नका. चांगली पूड खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते, भेसळीची गडद. या घरगुती परीक्षेने शिसं नाही अशी खात्री होत नाही. खात्री प्रयोगशाळाच देते.

जाहिरात, फसवणूक आणि तुमचे हक्क

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला तो मनाई करतो, त्या यादीत मेंदूचे आजार आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला वर्षापर्यंत. ‘अल्झायमर मुळापासून बरा’ हा फलक लावणारा माणूस हा कायदा मोडतो, मग गोळी कुठल्याही पद्धतीची असो.

बिल मागा. हा आग्रह सोडू नका, कारण बिल नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. पत्रक, बाटलीचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो, व्हिडिओची लिंक जपून ठेवा. मग:

- अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र: १८००२२२३६५
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५
- गोळीने अपाय झाला तर औषध-दुष्परिणाम नोंदवण्यासाठी: १८००१८०३०२४

भरपाई हवी असेल तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करण्याची मुभा आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्हाला दिल्लीला जावं लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

कोणी ‘हळदीवरच्या संशोधनात सामील व्हा’ म्हणून आलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो तपासा. खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि इजा चाचणीमुळेच झालेली असेल तर भरपाईही. रुग्णाला स्वतः समजत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. वाचल्याशिवाय ती करू नका.

निदान झाल्यावर

अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटाइन ही औषधं लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवतात, आजार बरा करत नाहीत. कंपवातात लेव्होडोपाचा फायदा स्पष्ट दिसतो. ही गोळी वेळेवर घ्यावी लागते आणि भरपूर प्रथिनं असलेल्या जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतली तर कमी लागू पडते. जनऔषधी केंद्रात ही औषधं आहेत का ते विचारा. हळदीच्या बाटलीवर महिन्याला जे पैसे खर्च होणार होते, त्यात यांतलं बरंच काही बसतं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशामागे बदलता येण्यासारखी कारणं आहेत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, बसून राहणं, एकटेपणा, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं ही त्यातली. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी बोलणंच सोडून देणाऱ्या घरात हळदीच्या गोळीपेक्षा श्रवणयंत्र आधी यायला हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या हंगामावर ढकलू नका.

सरकारी आधाराचं म्हणाल तर ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. दरमहाच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद आहे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढता येतं. पार्किन्सन्सच्या कुटुंबांना पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून माहिती आणि सोबत देतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि सांभाळणाऱ्याच्या मनावर ताण आला तर टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. सांभाळणारी बहुधा घरातली सून किंवा लेक असते, आणि तिची झोप कोणी विचारत नाही. तो १४४१६ तिच्यासाठी लिहून ठेवा.

हळदीच्या गोळ्या घरात आधीच चालू असतील तर तेवढ्याने घाबरू नका आणि लपवूही नका. ती बाटली, कुठलं चूर्ण असेल ते, आणि रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत भरा, आणि पुढच्या तपासणीला ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.